तिसऱ्या फेरीत अडकणारं बटण

मित्रांनो, मी दोन बटणांचा एक जुना डबा. रूप म्हणाल तर यथातथाच, पण पंधरा वर्षं मी माणसांच्या मनाची लवचीकता मोजली आहे. एका तंत्रज्ञाने मला हाताने जोडलं आणि मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं.

काम सांगतो. पडद्यावर आकडा यायचा. निळा असला तर सम की विषम ते ओळखायचं, पिवळा असला तर पाचाहून लहान की मोठा. सम किंवा लहान असेल तर डावं बटण, नाहीतर उजवं. पहिल्या फेरीत सगळे आकडे निळे, दुसरीत सगळे पिवळे. तिसऱ्या, लांबलचक फेरीत दोन्ही मिसळलेले. तिथे भल्याभल्यांची तारांबळ उडायची, कारण एक नियम सोडून दुसरा धरायला मनाला क्षणभर लागतोच. तो क्षण मी मोजायचो. संशोधक बाई माझं कौतुक करायच्या आणि मीही फुशारून जायचो.

पुढे माझी डावी स्प्रिंग थकली. दोन फेऱ्या ती कशीबशी निभावून न्यायची, तिसरीत बटण अडकायचं. बाईंना पत्ताच नव्हता. त्या कागदावरचे आकडे बघायच्या, मला दाबून कधीच बघत नसत.

एकदा डोक्याला मार लागून बरे झालेले एक बसचालक आले. गाडी पुन्हा हाती मिळणार की नाही, हे बाईंच्या अहवालावर ठरणार होतं. तिसऱ्या फेरीत ते मागे पडले. मन अजून पटकन वळत नाही, असं बाईंनी हळूच सांगितलं. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोचा चेहरा पडला.

चालकांनी मात्र बोट पुन्हा डाव्या बटणावर ठेवलं. "ताई, हे जड लागतंय. जड झालेला क्लच पायाला लगेच कळतो हो. माझं चुकलं असेल तर तसं लिहा, पण आधी हे दाबून बघा."

बाईंनी दाबलं. मग डाव्या-उजव्या उत्तरांचे वेळ वेगळे काढले. सगळा उशीर डावीकडचा! नव्या डब्यावर चाचणी पुन्हा झाली आणि महिन्याभरात चालक कामावर रुजू झाले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण जुने कागद काढल्यावर कळलं, आधीच्या चौघांनाही मीच मंद ठरवलं होतं. बाईंनी प्रत्येकाला फोन करून चूक आमची होती हे सांगितलं. तिघं परत आले. चौथ्या एक शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, मी तर तेव्हाच शाळा सोडली. माझ्यामुळे मुलांचं नुकसान नको म्हणून."

आता मी कपाटात असतो. माझी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, यंत्राची निगा राखा, आणि कुणाला मंद म्हणण्याआधी ते एकदा स्वतः दाबून बघा. त्याच फोनवर त्या शिक्षिकांनी सांगितलं, बटण अडकतंय हे त्यांनाही जाणवलं होतं. पण त्यांना वाटलं, आपलंच बोट चुकतंय.