प्रार्थनेचा विषय

रूथ साळवेला वाईटाची चाहूल सगळ्यांच्या आधी लागते, असं तिचं स्वतःचं मत होतं. नवऱ्याला यायला उशीर झाला की हिच्या डोळ्यांपुढे अपघात. साहेबांनी नुसतं 'हं' म्हटलं की नोकरी गेलीच. यातलं फारसं काही कधी घडलं नाही, पण न घडलेल्या गोष्टी कोण लक्षात ठेवतो? त्यातून बाई प्रार्थना करणारी. मनात आलेली शंका देवानेच आधी कळवली, असं ती धरून चालायची.

ते २००९ साल होतं. अमेरिकेत बँका बुडाल्या आणि इकडे हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत माणसांना नोकरीची धास्ती लागली. रूथच्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टीममधून एक जण कमी होणार, नाव येत्या सोमवारी संध्याकाळी कळणार, एवढं पक्कं झालं. त्याच टीममध्ये दीपाली गायकवाड होती. दोघी एकाच चर्चच्या, कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसायच्या आणि दुपारी डबे एकत्र उघडायच्या.

मंगळवारी दीपाली मॅनेजर चेतनसरांच्या केबिनमध्ये गेली. दार लागलं. बाहेर आली ती रूथकडे न बघता जागेवर जाऊन बसली, आणि संध्याकाळी बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून झोपली. झालं. हिने माझं नाव दिलं, हे रूथने ठरवून टाकलं.

मनातच ठेवलं असतं तर निभावलंही असतं. पण बुधवारी चर्चमधल्या मथुराबाईंकडे घरप्रार्थना होती. तिथे शेवटी जो तो आपला विषय मांडतो आणि बाकीचे त्यासाठी आठवडाभर प्रार्थना करतात. कुणाचा गुडघा असतो, कुणाच्या मुलीचं लग्न. चर्चच्या मंडळीत चहाडी करायला मनाई आहे, प्रार्थनेचा विषय मांडायला नाही. रूथ खालमानेने म्हणाली, "आपल्याच मंडळीतली एक बहीण माझ्या पोटावर पाय द्यायला निघाली आहे. प्रभूने तिचं मन पालटावं म्हणून प्रार्थना करा."

नाव तिने घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, कारण मंडळीतल्या या दोघीच त्या कंपनीत होत्या. मथुराबाईंनी तिथेच मोठ्याने प्रार्थना केली, आणि ती रात्रीतच दीपालीच्या कानावर गेली. गुरुवारी दीपाली बसमध्ये शेजारी न बसता पुढे जाऊन बसली. डबाही वेगळा उघडला.

रविवारी प्रभुभोजन होतं. चर्चच्या दारातच मथुराबाईंनी रूथला गाठलं.

"सलाम, रूथ. तुझा विषय चालू आहे हं, सकाळ-संध्याकाळ. झाली का तिला सद्बुद्धी?"

"अजून नाही, मावशी."

उपासना सुरू झाली. भाकर आणि प्याला घेण्याआधी प्रत्येकाने आपापलं मन तपासून पाहावं, असं पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं आणि सगळं चर्च शांत झालं. रूथने डोळे मिटले आणि दीपालीचं मन तपासलं.

मग एकेक ओळ उठून भाकर-प्याला घ्यायला वेदीपुढच्या कठड्याकडे जाऊ लागली. दीपालीची ओळ उठली. दीपाली मात्र उठली नाही. गुडघे बाजूला घेऊन तिने बाकीच्यांना वाट दिली आणि मांडीवरच्या हातांकडे बघत बसून राहिली. बायकांच्या माना वळल्या. या मंडळीत कठड्याशी न जाणं म्हणजे माझ्यात काहीतरी बिनसलंय, हे न बोलता सांगणं.

खातंय तिला मन, रूथला वाटलं. आणि तिला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. प्रभूच्या मेजाकडे निघालेल्या आपल्याला दुसरीच्या पडलेल्या चेहऱ्याने आनंद होतोय, हे लक्षात आलं तेव्हा ती दचकली.

तिची ओळ उठली. रूथ रांगेत उभी राहिली खरी, पण तिला भलतंच आठवलं. ऑफिसात नवीन पोरांना ती फार छळायची. कुणी सॉफ्टवेअरमधला दोष नोंदवताना 'असं वाटतं' लिहिलं की परत पाठवायची. तुला काय वाटलं ते नको, पडद्यावर काय दिसलं ते लिही. मग या आठवड्यात तिला स्वतःला काय दिसलं होतं? एक बंद दार. खिडकीला टेकलेलं एक डोकं. आता ही बाकावर बसलेली बाई. बाकीचं सगळं तिने घरून आणलं होतं.

पण ते आलं कुठून, इतकं आयतं? सर सहज विचारतात, दीपाली काळजीच्या सुरात काहीतरी बोलते, हे चित्र तिला शब्दांसकट दिसत होतं. कारण ते घडलेलं होतं. फक्त त्या खुर्चीवर दीपाली नव्हती.

आदल्या आठवड्यात चेतनसरांनी रूथला विचारलं होतं, "दीपाली कशी चाललीय?"

"हुशार आहे, सर. फक्त मूल लहान आहे ना, लक्ष जरा घरी असतं."

ते 'फक्त' कुणी मागितलं नव्हतं. दीपाली तापाने फणफणलेली असतानाही काम पुरं करून जायची, हे रूथला ठाऊक होतं. त्या दिवसापासून तिची झोप उडाली होती. माणसाचं नाव पुढे ढकलणं किती सोपं असतं, हे तिला कळलं होतं, आणि म्हणून तिला सगळीकडे तेच दिसत होतं.

प्रभू, मंडळीतली ती बहीण मीच आहे, ती मनात म्हणाली. लाजेने तिचा चेहरा तापला.

पुढे दोघी-तिघी उरल्या होत्या. आत्ता भाकर घे, बोलायचं ते घरी गेल्यावर बघ. दीपाली चारचौघांत ओरडेल. सरांना सांगेल. नोकरी जाईल ती जाईलच, वर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मनाने आपलं नेहमीचं दळण सुरू केलं. या खेपेला मात्र रूथने त्याला देवाचा आवाज म्हटलं नाही. ती रांगेतून बाहेर पडली आणि सगळ्यांच्या देखत दीपालीच्या बाकाशी गेली.

"काय बघायला आलीस?" दीपालीने मान वर न करता विचारलं.

रूथने सांगितलं. केबिनमधलं सांगितलं, ते 'फक्त' सांगितलं, बुधवारचंही सांगितलं.

"माहीत आहे," दीपाली म्हणाली. "सरांनी मंगळवारी तेच ऐकवलं मला. माझं लक्ष घरी असतं म्हणे. तेव्हाच कळलं, हे कुणाचं बोलणं. म्हणून बसलेय इथे. तुला क्षमा केली म्हणायचं आणि प्याला घ्यायचा, एवढं खोटं मला जमेना."

"माझ्याबद्दल विचारलं त्यांनी?"

"विचारलं."

"तू काय सांगितलंस?"

"ते नाही सांगणार."

रूथचं मन सुसाट धावलं. दिलंच असणार हिने नाव. तिने त्याला तिथेच अडवलं. दिसलंय का तुला? नाही. मग माहीत नाही म्हण. माहीत नसताना बसून राहणं तिला कधी जमलं नव्हतं. आज ते देवाच्या भरवशावर करावं लागणार होतं.

"बरं," ती म्हणाली. "उद्या सकाळी मी सरांकडे जाते. तुझ्याबद्दल बोलले ते खरं नव्हतं, असं सांगते."

"मग तुझंच नाव लागेल."

"लागेल कदाचित. भीती वाटतेय मला. पण सांगते."

दीपालीने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं आणि बाकावरची पर्स उचलून मांडीवर घेतली. रूथ मोकळ्या जागेत बसली.

"कुणी राहिलंय का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मी आज नाही उठणार," दीपाली हळूच म्हणाली. "मला वेळ लागेल."

"मीही बसते."

शेवटचं गीत झालं. पायऱ्यांवर मथुराबाई वाटच बघत होत्या. "मग, मिटला का विषय?"

"नाही, मावशी. मी विषयच चुकीचा दिला होता. ती बहीण दीपाली नव्हे, मी आहे. आता माझं नाव घेऊन प्रार्थना करा."

आजूबाजूच्या बायका चपला शोधायच्या निमित्ताने तिथेच रेंगाळल्या. रूथला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

"आणि बुधवारी केलीत तशीच मोठ्याने करा, मावशी," मागून दीपाली म्हणाली. मग रूथला ओलांडून दोन पायऱ्या खाली उतरली आणि थांबली. "उद्या बसमध्ये खिडकीची जागा माझी."