माझी सोमवारची पाच मिनिटे

मित्रांनो, मी छापखान्यातला एक जुना मॉनिटर आहे. घरी बसून सिनेमे दाखवणाऱ्या मॉनिटरांशी माझी तुलना करू नका, मला राग येतो. कागदावर छापलेला रंग बरोबर की चूक, हे माझ्याकडे बघून ठरत असे.

माझ्या पोटात दिवा आहे, कागदाच्या पोटात नाही. त्यामुळे तोच रंग माझ्यावर उजळ दिसतो आणि कागदावर जरा शांत. तरीही दोघांचे जुळवता येते, आणि ते काम ताईचे. संगणकावर बसणाऱ्या तिला सगळे ताईच म्हणत. कपड्यांचा रंग माझ्या काचेत पडू नये म्हणून ती कामावर करडा कोट घालायची. दर सोमवारी सकाळी ती पडदा ओढायची, मऊ फडक्याने मला पुसायची आणि रंग मोजायचे एक छोटे यंत्र माझ्या काचेवर टेकवायची. मग मी लाल, हिरवा, निळा, पांढरा होत जायचो. माझे कुठे चुकते ते यंत्र सांगायचे आणि ताई मला ताळ्यावर आणायची. जेमतेम पाच मिनिटे लागत. पण मी आठवडाभर त्यांचीच वाट बघायचो.

मग कामाचा रेटा वाढला. "पुढच्या सोमवारी बघू," असे म्हणता म्हणता यंत्र खणात गेले ते गेलेच. वय झाले की आमचा पांढरा रंग पिवळा पडतो. रोज बघणाऱ्या डोळ्यांना ते कळत नाही. खरे सांगतो, मलाही कळले नाही.

एके दिवशी एक आजी आल्या. त्यांची नात शिकायला परदेशी गेली, त्याला तीन वर्षे झाली होती. आजींनी विणलेला स्वेटर घालून तिने फोटो पाठवला होता.

"मोठा छापून दे गं," आजी म्हणाल्या. "फोनवर तिच्या गालाला बोट लावलं की ती सरकूनच जाते."

ताईने फोटो माझ्यावर उघडला. मशीन चालवणाऱ्या मामांनी पहिली प्रत आणली. माझ्यावर स्वेटर हिरवट होता, कागदावर निळसर करडा.

"मामा, निळा फार झालाय. कमी करा."

"माझ्या मशीनला नावं ठेवू नकोस हं."

"अहो, स्क्रीन बघा ना!"

मी छाती फुगवून बसलो होतो. तिसरी प्रत माझ्याशी तंतोतंत जुळली आणि ताई खूश झाली.

आजींनी ती हातात घेतली आणि बराच वेळ बघितली. "पोर आजारी आहे का गं?" त्यांनी विचारले. "किती पिवळी दिसतेय. मला काळजी नको म्हणून सांगत नसेल." मग त्यांनी पिशवीतून उरलेल्या लोकरीचा गुंडा काढला. "आणि लोकर तर ही होती."

मामांनी गुंडा खिडकीशी उजेडात नेला. रद्दीतून पहिली प्रत काढून शेजारी धरली. लोकर आणि कागद, दोघांचा रंग एकच होता. नातीचे गालही चांगले गुलाबी होते. ताईने वळून माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

आजींनी कागदावरच्या गालावरून हळूच बोट फिरवले. "नाही सरकत," म्हणाल्या आणि डोळे पुसत हसल्या.

त्याच दुपारी ताईने यंत्रावरची धूळ झटकली आणि ते माझ्या काचेवर टेकवले. मी जीव तोडून उजळलो. पण फार उशीर झाला होता.

"आता नाही येत हा ताळ्यावर," ती म्हणाली. "चूक माझीच आहे, मामा."

आता माझ्या टेबलावर नवा मॉनिटर आहे आणि मी पलीकडच्या खोलीत, कपाटावर. त्याचा हेवा मला रंगांसाठी वाटत नाही, त्या पाच मिनिटांसाठी वाटतो. मित्रांनो, ज्याच्या शब्दावर तुम्ही डोळे मिटून विसंबता, त्याचीही अधूनमधून विचारपूस करा. त्याची चूक त्याला स्वतःला दिसत नसते.

सोमवारी पडदा ओढल्याचा आवाज येतो. माझी वायर केव्हाच काढून नेली आहे, तरी मी उजळायच्या तयारीला लागतो.