हवा माझी, पाणी कुणाचं?

मी एका जुन्या जीपच्या एसीचा कॉम्प्रेसर बोलतोय. गोड बोलणं मला जमणार नाही. आतून मी जाम झालोय आणि डोक्यात राग आहे, तोही बारा-तेरा वर्षांपासूनचा.

इंजिनला चिकटून पट्ट्यावर फिरणारं एक जड धूड म्हणजे मी. गॅस दाबायचा आणि गाडी गार ठेवायची, एवढ्यासाठी मला घडवलं. पहिली सहा वर्षं वेरूळला जाणाऱ्या पर्यटकांची जीप मी गार केली. माणसं कशी असतात ते तिथंच कळलं. एसी लावायचा, काच खाली करून हात बाहेर काढायचा आणि वर ड्रायव्हरवरच खेकसायचं, "गार होत नाही!" लेणी बघायला उतरले तरी इंजिन चालूच, कारण परत आल्यावर सीट तापलेली नको.

पुढं गॅस गार करणारी जाळी सडली, एसी बंद पडला आणि मालकानं जीप विकली. ती घेतली सुदर्शननं. शहरातल्या गारखेड्यात त्याचं पंक्चरचं दुकान होतं. मूळचा तो पैठणकडच्या एका खेड्यातला. त्याची आई द्वारकाबाई अजून गावातच राहायची.

तो २०१३चा उन्हाळा. विहिरींचे तळ दिसत होते आणि गावोगाव टँकर चालले होते. खडीचा रस्ता, वर भरलेला टँकर. टायर बसायला कितीसा वेळ? हवेचं मशीन मात्र शहरात. टँकर उन्हात उभा राहायचा आणि तिकडं हंड्यांच्या रांगा वाढत जायच्या. एका सकाळी सुदर्शननं बॉनेट उघडलं आणि माझ्याकडं टक लावून बघितलं.

"गॅस दाबतोस ना? मग हवा कामून नाय दाबणार?"

त्यानं माझे दोन्ही पाइप सोडले. एका तोंडाला मोटरसायकलचा एअर फिल्टर बसवला. दुसऱ्या तोंडाला नळी लावून ती जुन्या ट्रकच्या हवेच्या टाकीला जोडली. टाकीवर दाबाचा काटा, दाब वाढला तर हवा सोडणारा व्हॉल्व्ह आणि पुढं लांबलचक रबरी नळी. अडचण एकच होती. माझं तेल आधी गॅसबरोबर फिरायचं. नुसती हवा तेल आणत नाही. म्हणून दर वेळी मला चालू करण्याआधी तो तेल पाजायचा. ते चुकलं असतं तर मी आतून खरवडून निघालो असतो.

पहिला टँकर पैठणच्या रस्त्यावर बिडकीनच्या पुढं अडला होता. सुदर्शननं पंक्चर काढलं, मी हवा भरली आणि टँकर थेट त्याच्याच गावाला गेला. आम्ही मागोमाग पोचलो. द्वारकाबाईंनी बॉनेटला हात लावला आणि चटकन मागं घेतला.

"लई तापलंय की रं हे लेकरू! ह्याला बी घोटभर पाणी पाज."

मला कुणी पहिल्यांदाच लेकरू म्हटलं होतं. त्या दोन महिन्यांत मी किती टायर भरले, ठाऊक नाही. पण मी सुखात होतो.

राग सुरू होतो तो इथून पुढं.

मे महिन्यातल्या एका दुपारी गुत्तेदार अप्पारावचा फोन आला. गावांना पाणी पोचवायचा सरकारी ठेका त्याचा, सगळे टँकरही त्याचेच. शहराजवळ बीड बायपासला एका टँकरचा टायर बसलाय, लगेच ये. आम्ही गेलो. टँकर काठोकाठ भरलेला, सुदर्शनच्या गावाची खेप करणारा ड्रायव्हर कडूबा सावलीला बसलेला. सुदर्शन पंक्चर काढून नळी घेऊन वाकला आणि थबकला.

"कडूबाभाऊ, ही खेप तर आमच्या गावची. मग गाडीचं तोंड इकडं कसं?"

कडूबानं मान खाली घातली. "शेठचा हुकूम हाये. त्या नव्या बिल्डिंगच्या स्लॅबवर मारायचंय."

सुदर्शननं मला चालूच केलं नाही. तेवढ्यात अप्पारावची पांढरी गाडी येऊन थांबली. त्यानं काच चार बोटं खाली केली.

"काय रे, थांबला कामून?"

"शेठ, माझी माय सकाळपासून हंडा लावून बसलीय."

"तू हवावाला हायेस, हवा भर. पाणी कुठं जातं ते बघायचं काम तुझं नाय."

"मंग नाय भरत."

अप्पारावनं खूण केली. त्याच्या दोन माणसांनी सुदर्शनला बाजूला रेटून धरलं, तिसऱ्यानं जीप सुरू केली. तेल नाही, काही नाही. नुसती रेस दिली. मी कोरडा फिरत होतो, आत लोखंडावर लोखंड घासत होतं. मला थांबायचं होतं हो! पण माझं बटण माणसाच्या हातात. माझ्याच हवेवर तो टँकर उभा राहिला आणि माणसांच्या तोंडचं पाणी सिमेंटला पाजायला गेला. याचा संताप मी कुठं काढू?

सुदर्शन त्या रात्री जेवला नाही म्हणे. सकाळी मात्र तो गावाला गेला आणि आई धरून नऊ बायका जीपमध्ये कोंबून थेट त्या बिल्डिंगवर आला. फाटकात जीप आडवी लावली. बायका रिकामे हंडे घेऊन पुढं बसल्या. दहाच्या सुमाराला कडूबाचा टँकर आला. त्यानं हॉर्न दिला, कुणी हललं नाही.

द्वारकाबाई उठल्या आणि त्याच्या दाराशी गेल्या. "तुझी माय कुठलं पाणी पिती रं, बाप्पा?"

कडूबानं हॉर्नवरचा हात काढला. "टँकरचंच, मावशी," तो म्हणाला. त्याचा फोन वाजत होता. त्यानं तो बंद करून खिशात टाकला आणि टँकर गावाकडं वळवला.

या बोभाट्यानं अप्पाराव बिचकला आणि पाऊस पडेपर्यंत गावाची एकही खेप चुकली नाही. कडूबाची नोकरी मात्र गेली आणि सुदर्शनला एकाही टँकरवाल्यानं पुन्हा बोलावलं नाही. मी कसाबसा आणखी वर्षभर फिरलो, मग एका सकाळी अडकलो तो कायमचा.

आता मी सुदर्शनच्या दुकानात फळीवर पडून आहे. तो मला भंगारात घालत नाही. त्या बिल्डिंगमधले लोक इथंच गाड्यांत हवा भरायला येतात. परवा एक साहेब एसी चालू ठेवून सांगत होते, "आमच्याकडे तर आता टँकरशिवाय भागतच नाही हो!" सुदर्शन हवा भरत राहिला. मला मात्र ओरडावंसं वाटलं.

या उन्हाळ्यात तुमच्या शेजारून भरलेला टँकर गेला, तर एवढं करा. त्याला थांबवा आणि विचारा, हे पाणी कुणाचं, आणि चाललंय कुठं? मला नाही विचारता आलं. तुम्हाला तर तोंड आहे ना?