तुळजारामची क्वालिस

हळ्ळीखेडच्या हरिओमने आपली जुनी क्वालिस तुळजारामला विकली, तेव्हा तिच्या मीटरवर चार लाख बारा हजार किलोमीटर होते. हुमनाबादच्या मिस्त्रीने बॉनेटला कान लावून सांगितलं होतं, वर्षभरात इंजिन खोलावं लागणार. हरिओमचा तुरीचा व्यापार तेव्हा जोरात होता. त्याने कलबुर्गीहून नवी गाडी आणली. टपावर काच, समोर वहीएवढा पडदा, पाठीला गार हवा देणारी सीट. ही गाडी तो स्वतःच चालवणार होता. म्हणजे सोळा वर्षं क्वालिस चालवलेला तुळजाराम रिकामा झाला.

"अण्णा, जुनीचं काय करायलाव?" तुळजारामने विचारलं होतं. तो हरिओमपेक्षा आठ वर्षांनी मोठा, पण मालक म्हणून अण्णाच म्हणायचा.

"भंगारात घालायची. काय राहिलंय तिच्यात?"

"मग मला द्या. भंगारवाला देतो तेवढं मी देतो."

हरिओमने दिली. त्या दिवशी त्याला वाटलं होतं की आपण तुळजारामवर उपकारच केला, आणि थोडं फसवलंही. चावी देताना तो मनातल्या मनात हसला होता.

तुळजारामच्या घरी म्हशी होत्या. त्याची बायको नागूबाई खवा आटवायची. क्वालिसच्या मागच्या सगळ्या सीट काढून त्याने तिथे खव्याचे डबे ठेवले आणि रोज सकाळी सहाला निघून हुमनाबाद, कमलापूर करत कलबुर्गीच्या हॉटेलांना खवा घालायला सुरुवात केली. जाऊन येऊन दीडशे किलोमीटर. वर्ष झालं, इंजिन काही खोलावं लागलं नाही. दुसरं वर्ष झालं. तुळजाराम पाच हजार किलोमीटरला ऑइल बदलायचा, एक दिवस पुढेमागे नाही. सकाळी गाडी चालू करून लगेच हाकायचा नाही. शेजारी उभा राहून तंबाखू मळेपर्यंत तिला तशीच चालू ठेवायचा. उतारावर न्यूट्रल करायचा नाही, क्लचवर पाय ठेवून बसायचा नाही. बास, एवढंच. ह्यात कसली विद्या नव्हती, आणि हेच हरिओमला जास्त लागायचं.

कारण तिसऱ्या वर्षी त्याच्या नव्या गाडीचा पडदा काळा पडला. मग एकदा कमलापूरच्या अलीकडे गाडीने वेग घेणंच सोडलं. चाळीसच्या वर जाईना. सर्व्हिसवाले म्हणाले सेन्सर गेलाय. सेन्सर बदलला, महिन्याने दुसरा गेला. गाडी आठ-आठ दिवस कलबुर्गीत पडून राहायची आणि हरिओम दारात चहा पीत बसायचा, तेव्हा समोरच्या रस्त्याने क्वालिस जायची. तिचा आवाज त्याला गल्लीच्या टोकापासून ओळखू यायचा. शिवणयंत्रासारखा, एका लयीत.

तो भेटला की विचारायचा, "किती झाले रे?"

"पाच लाख चौदा, अण्णा."

पुढच्या वेळी पाच लाख तीस. मग पाच लाख बावन्न. तुळजाराम साधेपणानेच सांगायचा, आणि हरिओमला ते आकडे दिवसभर टोचत राहायचे. आपल्याच गोठ्यातून गेलेली गाय दुसऱ्याच्या दारात दोन्ही वेळ दूध देते, असं काहीतरी. बरं, गावातले लोकही तसेच. पाराजवळ कुणीतरी म्हणायचंच, "हरिओमशेट, सोनं टाकून पितळ घेतलाव की."

एवढ्यावरही भागलं असतं. पण मग अप्पा त्या गाडीत बसायला लागले.

अप्पा म्हणजे राघोबा, हरिओमचे वडील. वय शहात्तर. दर मंगळवारी त्यांना कलबुर्गीला जायचं असायचं. तिथे एका जुन्या मित्राच्या अडत दुकानात ते गादीवर बसायचे, तुरीचा दाणा दाताखाली फोडून बघायचे, चहा प्यायचे, संध्याकाळी परत. एका मंगळवारी हरिओमची गाडी दुरुस्तीला होती म्हणून ते तुळजारामबरोबर गेले. पुढच्या मंगळवारी गाडी दारात उभी होती, तरी अप्पा टोपी घालून रस्त्यावर जाऊन थांबले.

"अप्पा, मी सोडतो की," हरिओम म्हणाला.

"तुझ्या गाडीत सारखं काहीतरी टुंग टुंग वाजतंय. आन् ती सीट गार करतीय. माझी कंबर धरतीय." ते म्हणाले आणि क्वालिसमध्ये चढले. तुळजारामने त्यांच्यासाठी दाराजवळ लाकडी पाट ठेवला होता, पाय द्यायला.

थंडीच्या दिवसांत एकदा हरिओम स्वतःच कलबुर्गीहून परत येत होता. कमलापूरजवळ रस्त्याच्या कडेला क्वालिस उभी दिसली. त्याने वेग कमी केला. पुढच्या दोन्ही सीटवर अप्पा आणि तुळजाराम बसले होते, मध्ये लाल केळ्यांचा घड. अप्पा हातवारे करून काहीतरी सांगत होते आणि हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हरिओमने हॉर्न वाजवला नाही. तो तसाच पुढे निघून आला. घरापर्यंत त्याला दुसरं काही दिसलं नाही. अप्पांना असं हसताना आपण शेवटचं कधी पाहिलं, ते त्याला आठवेना.

रात्री जेवताना त्याने विचारलं, "काय सांगत होतात तुळजाला?"

"कुठं? काय न्हाई. जुनं असंच." अप्पांनी भाकरी कुस्करली.

अप्पा उठून गेल्यावर त्याची बायको मंजुश्री म्हणाली, "तुमाला नेमकं कशाचं दुखायलंय? गाडीचं का अप्पांचं?"

"मला कशाचंच दुखत न्हाई."

ती ताटं उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी हरिओम तुळजारामच्या घरी गेला. तुळजाराम रेडिएटरमध्ये पाणी घालत होता.

"तुळजा, गाडी परत दे मला. तू दिलेल्याच्या दुप्पट घे."

तुळजारामने आधी झाकण घट्ट लावलं. मग फडक्याला हात पुसले. "तुमच्याकडं नवी हाय की, अण्णा. हिचं काय करताव?"

"ते मी बघतो."

"न्हाई जमायचं. आता ती घरातली झालीय. आन् धंदा समदा तिच्यावरच हाय." तो नम्रपणेच म्हणाला. नागूबाईने बाहेर येऊन चहाचं विचारलं. हरिओम न पिता परतला. नोकराने मालकाला नाही म्हटलं, हे त्याच्या मनात घर करून बसलं. तुळजाराम चार वर्षांपासून त्याचा नोकर नव्हता, हे मात्र त्याला सुचलं नाही.

त्याच आठवड्यात कलबुर्गीत एका टायपिस्टकडून त्याने कन्नडमध्ये एक अर्ज लिहून घेतला आणि खाली नाव न घालता आरटीओच्या पत्त्यावर टाकला. अमुक नंबरची गाडी वीस वर्षांची झाली आहे, धूर सोडते, रोज हमरस्त्याने पळते. अर्ज तेवढ्यावरच थांबला असता तर बरं होतं. पण टायपिस्ट म्हणाला, एवढ्याने कोण दखल घेणार, काहीतरी ठोस पाहिजे. तेव्हा हरिओमने सांगितलं: ह्या गाडीला अकरा वर्षांपूर्वी उमरग्याजवळ मोठा अपघात झाला आहे, चेसिस पुढून वाकलेली आहे.

अपघात खरा होता. उमरग्याच्या बाहेर उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर क्वालिस आदळली होती. चालवत होता हरिओम, आणि त्या दिवशी तो थोडी प्यालेला होता. तुळजाराम बाजूला बसला होता. कुणाला लागलं नाही. सोलापूरच्या गॅरेजात आठ दिवस ठेवून, वाकलेलं सगळं बदलून दोघांनी गाडी घरी आणली, आणि अप्पांना सांगितलं की सोलापूरच्या बाजारात माल अडकला होता. ही गोष्ट गावात दोघांनाच माहीत होती.

पंधरा दिवसांनी तुळजारामला गाडी तपासणीला आणायची नोटीस आली. तो नेमका मंगळवार होता. अप्पा म्हणाले, "मी बी येतो. बघू काय म्हनतेत."

हरिओम त्या दिवशी दुकानात बसला, पण त्याचं कशात लक्ष नव्हतं. संध्याकाळी अप्पा परतले ते क्वालिसमधून नाही, हुमनाबादपर्यंत बस आणि पुढे रिक्षाने. ओसरीवर टोपी काढून ठेवली आणि पाणी मागितलं.

"काय झालं?" हरिओमने विचारलं.

"गाडी पास झाली. साहेब खाली शिरून बघितला, टॉर्च मारून. म्हनला, पाच वर्षाच्या गाड्या बी अशा राहत न्हाईत. म्होरच्या पाच वर्षाचा शिक्का बी दिला."

"मग?"

अप्पांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "त्यानी अर्ज वाचून दाखवला. उमरग्याला गाडी ठोकली होती म्हनं. मी तुळजाला इचारलं, खरं हाय का? तर म्हनला, व्हय अप्पा, माझ्या हातून झालं. प्यालो होतो. तुमच्यापासून लपवून ठिवलं." अप्पांनी टोपी झटकली. "अकरा वर्षं, हरी. माझ्या बाजूला बसून केळं खातंय, आन् अकरा वर्षं खोटं. मी न्हाई आता त्याच्या गाडीत बसायचा."

आता बोलायला हवं होतं, हे हरिओमला कळत होतं. तो म्हणाला, "जेवून घ्या."

पुढच्या मंगळवारी अप्पा त्याच्या नव्या गाडीत बसले. त्याने ती टुंग टुंग बंद करून घेतली होती, सीटची हवाही. क्वालिस त्यांच्या पुढेच कमलापूरपर्यंत होती. अप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. हरिओमने पाऊसपाण्याचं काढलं, तुरीच्या भावाचं काढलं. अप्पा हूं म्हणाले. केळ्यांच्या गाड्याशी त्याने विचारलं, थांबू का? अप्पा म्हणाले, "कामून? भूक न्हाई."

असे चार मंगळवार गेले. हरिओमला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. तुळजारामच्या गाडीतली ती जागा रिकामी होती आणि अप्पा त्याच्या शेजारी होते. रात्री त्याला झोप लागायची नाही. तुळजारामने असं का सांगितलं असेल, हे तो उलटसुलट करत राहायचा, आणि प्रत्येक वेळी त्याला त्या माणसाचा राग यायचा. गाडी चांगली ठेवली ती ठेवली, आता ह्यातही तो वरचढ निघाला होता.

पाचव्या मंगळवारी हुमनाबाद सोडल्यावर अप्पा आपणहून बोलले. "तुळजा वाळलाय. परवा दुरून नमस्कार केला मला. मी तोंड फिरवलं." मग थोड्या वेळाने, "पेताड मानूस न्हाई तो. कसं झालं असंल?"

हरिओमने गाडी बाजूला घेतली.

"तुळजा चालवत नव्हता, अप्पा. मी चालवत होतो. प्यालो बी मीच होतो."

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. अप्पांनी आयुष्यभर माणसं आणि धान्य पारखलं होतं. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही.

"तुमी दोघंच होताव तिथं?"

"व्हय."

"म्हंजे अर्ज बी तूच दिलास."

हरिओमने मान खाली घातली.

"फिरव गाडी," अप्पा म्हणाले.

तुळजाराम दुपारी फेरी करून परत येईपर्यंत अप्पा त्याच्या अंगणात बाजेवर बसून राहिले. नागूबाईने ताक आणून दिलं. तुळजाराम आला, गाडी सावलीत लावली, आणि दोघांना बघून जागेवर थांबला. अप्पा उठले. त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "चुकलं माझं. तोंड फिरवायला नको होतं." एवढंच म्हणून ते गाडीत जाऊन बसले. क्वालिसमध्ये.

अंगणात हरिओम आणि तुळजाराम राहिले.

"कामून घेतलास अंगावर?" हरिओमने विचारलं. "तुला तर तिथंच कळलं असंल, अर्ज कुणाचा ते."

"साहेब उमरगा म्हनले तवाच कळलं."

"मग?"

तुळजाराम खव्याचे रिकामे डबे एकेक करून उतरवत होता. "तुमचं नाव घेतलं असतं, तर अर्ज कुणाचा ते बी अप्पाला कळलं असतं. ह्या वयात त्येंनी ते कशाला ऐकायचं? मला वाटलं, माझ्यावर रागवतील, दोन दिवसानी येतील." तो थांबला. "पन न्हाई आले. ते लागलं मला."

"मला माफ कर, तुळजा."

शेवटचा डबा उतरवून तुळजारामने नागूबाईकडे दिला. मग म्हणाला, "तुमची गाडी रस्त्यात हाय. जरा काढा, अण्णा. अप्पाला घरी सोडून येतो."

त्यानंतर अप्पा हरिओमशी जवळजवळ दोन महिने बोलले नाहीत. लागेल तेवढं मंजुश्रीला सांगायचे. मंगळवारी टोपी घालून रस्त्यावर थांबायचे, पाटावर पाय देऊन चढायचे. हरिओम दुकान उघडायला जरा उशीर करायचा, ते निघताना दिसावेत म्हणून. तुळजाराम त्याला रामराम करायचा, पूर्वीसारखाच. पण आता हरिओमने त्याला किलोमीटर विचारायचं सोडलं होतं.

तुरीच्या राशी चालू असताना एका मंगळवारी क्वालिस दारात थांबली ती निघेचना. अप्पांनी काच खाली केली. हरिओम पायरीवर होता.

"कलबुर्गीला काम हाय का तुझं?" त्यांनी विचारलं.

काम काही नव्हतं. "हाय," हरिओम म्हणाला.

"मग बस की मागं. तिथं काय बघत बसलास?"

मागे सीट नव्हती. दोन डब्यांच्या मध्ये, पोत्याची घडी घालून तो बसला. गाडी हुमनाबादच्या रस्त्याला लागली. पुढे अप्पा तुळजारामला काहीतरी सांगू लागले, त्यांच्या लहानपणी बिदरच्या जत्रेत हरवलेल्या बैलाबद्दल. ही गोष्ट हरिओमने कधी ऐकली नव्हती. इंजिनच्या आवाजात अर्धे शब्द त्याच्यापर्यंत पोचत नव्हते. दोन्ही हातांनी डबे धरून तो पुढे वाकला आणि ऐकू लागला.