गुंडी चावते

आमची गुंडी आजवर कुणाकुणाला चावली हे सांगायला बसलो तर माझं निम्मं गिऱ्हाईक त्यातच येईल, आणि उरलेलं निम्मं ते ऐकून यायचं बंद होईल.

गुंडी म्हणजे मांजर. हे नाव बायकोने ठेवलेलं. सापडली तेव्हा ती एवढीशी होती, की बटणांच्या डब्याचं झाकण तिला झोपायला पुरलं. आता गल्लीत तिला कात्री म्हणतात. माझ्या तोंडावर कुणी म्हणत नाही, पण मी शिंपी आहे, बहिरा नाही.

दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. खिडकीशी मशीन, भिंतीला उभा आरसा, आणि गिऱ्हाइकाला पॅंटची लांबी बघायला उभं करायचं एक बुटकं स्टूल. आरशाच्या बाजूला बायकोची खुर्ची आहे. ती तिथे बसून काज-बटणं करायची आणि गिऱ्हाइकाशी मीच बोलायला हवं ते सगळं तीच बोलायची. मी तोंडात टाचण्या धरलेला माणूस, मला ते सोयीचं होतं. आता त्या खुर्चीत गुंडी बसते. टाचण्या काढून मी बोलायला शिकलो, तर आता ऐकायला कुणी थांबत नाही. म्हणून मी ट्रायलला बोलावतो. "मास्तर, एका पॅंटला तीन ट्रायल?" लोक विचारतात. मी म्हणतो, काम चोख हवं ना? काम पहिल्याच ट्रायलला चोख असतं, पण हे त्यांना कशाला सांगू?

गुंडी पहिल्यांदा चावली ती बायकोला दवाखान्यात नेलं त्या दिवशी. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आली. हिचं अंग इतकं हलकं झालेलं, की एकानेही नेली असती. उंबऱ्याशी ही मला म्हणाली, "येते हं. तिला उपाशी ठेवू नका." तेवढ्यात मागच्या माणसाने "आई गं!" केलं. गुंडी त्याच्या घोट्याला लटकली होती. एवढ्या गडबडीत बिचकली असेल, असं आम्ही म्हणालो. बायको मात्र त्याही अवस्थेत हसली. मी तिचं हसू पाहिलं ते शेवटचं. दवाखान्यातून ती आली नाही.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. माझी बहीण आली, डोळे पुसपुसून बसली, गुंडीला मांडीवरही घेतलं. निघायला उठली आणि दारात किंचाळली. "दादा, हे मांजर आहे की डाकीण?" त्यानंतर तिने फोनवरच विचारपूस करायचं ठरवलं. मग कोट शिवायला टाकलेला वकील, शाळेतल्या बाई, वीजमीटर बघायला येणारा. सगळे घोट्याला, सगळे दाराजवळ.

आता मी शिंपी. मला दोष दिसतो तो कपड्यात. माणूस बेढब असला तरी मी कोटालाच नावं ठेवीन. म्हणून मी विचार केला, घोटाच का? तर तिथे पॅंटची खालची दुमड असते. दारापाशीच का? तर तिथे माणूस पाय उचलून झपझप चालायला लागतो आणि दुमड हलते. त्यात एखादा दोरा लोंबत असेल तर मांजर झेप घेणारच! माझं मलाच कौतुक वाटलं. मी गिऱ्हाइकांचे दोरे फुकटात कापून द्यायला लागलो. तरी ती चावली. मग म्हटलं, हलणारी दुमडच नको. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरला मी निघताना पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडायला लावली. बिचारा ओढा ओलांडायला निघाल्यासारखा दाराकडे गेला आणि गुंडीने उघड्या कातडीचाच लचका घेतला. तो स्टुलावर बसला, जखम उजेडात धरली, बारकाईने पाहिली.

"दात सुरेख आहेत हो, मास्तर," तो म्हणाला. "तुमच्यापेक्षा."

माझी कवळी त्यानेच केलेली आहे.

तरी माझं डोकं ताळ्यावर आलं नाही. कोटाच्या कॉलरमध्ये घालतात ते जाड कॅनव्हास माझ्याकडे पडून होतं. त्याला आतून अस्तर लावून, नाडी ओवून मी घोट्याला बांधायचे पट्टे शिवले. लहान, मध्यम, मोठे. टीपही दुहेरी मारली. दाराशी खुंटीला टांगून ठेवले आणि निघणाऱ्या प्रत्येकाला ते बांधून उंबऱ्यापर्यंत जायला लावू लागलो. बाहेर पडायला चिलखत लागणारं सगळ्या शहरात हे एकच दुकान असेल. लोकांनी सुरुवातीला गंमत म्हणून बांधले. नंतर ते कोपऱ्यावरच्या तयार कपड्यांच्या दुकानात जायला लागले. मी मशीनवर बसून रस्त्याकडे बघायचो. ओळखीची माणसं पलीकडच्या बाजूने जायची आणि हात मात्र जोरजोरात हलवायची.

जनावरांच्या डॉक्टरकडेही नेऊन आणली. त्याने तिचं तोंड फाकवलं, कान उलटे केले, सुई टोचली. बया हूं की चूं नाही.

"ही चावते?" त्याने विचारलं.

"भल्याभल्यांना."

"तुम्हाला?"

"मला नाही. कधीच नाही."

"का बरं? तुमच्यात वेगळं काय आहे?"

मी पाय पुढे केला आणि अभिमानाने सांगितलं, की माझ्या पॅंटची दुमड मी आतून हाताने घालतो, बाहेर एक दोरा दिसायचा नाही. डॉक्टरने माझ्या पॅंटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिला खेळायला चेंडू आणा म्हणाला.

मला ती चावत नाही याचा मला आतून गर्व होता, खोटं कशाला बोलू? आमचं दोघांचं ठरलेलं होतं सगळं. सकाळी ती मशीनच्या पायडलवर झोपायची, मी तिला उठवून कामाला लागायचो. बाजारात किंवा दोरे आणायला जायचं तर आधी तिची ताटली भरायची, बायकोने बजावलं होतं तसं, आणि ती खात असताना मी स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बाहेर पडायचो. माझ्या चपलाही तिकडेच असतात. पुढचं दार गिऱ्हाइकांचं.

मग लेकीचा फोन आला. नात चालायला लागली होती.

"दोन पावलं टाकते आणि बसते, बाबा. आणि बसली की स्वतःलाच टाळ्या वाजवते."

"घेऊन ये ना मग!"

 मागच्या खेपेला लेक स्वतः चावून घेऊन गेली होती, पिशव्या दोन्ही हातांत आणि टॅक्सी दाराशी.

"मांजर आहे तोवर मी तिला तिथे आणणार नाही," ती म्हणाली. "एवढीशी पावलं आहेत तिची. तुम्हीच विचार करा. मामा घेतो म्हणालाय. त्याच्या गोदामात उंदीर झालेत."

"तुझ्या आईचं मांजर आहे ते."

"आईची मीपण आहे, बाबा."

मी फोन ठेवला आणि एका सरळ शिलाईत तीनदा दोरा तोडला. नात मला हवी होती. टाळ्या वाजवताना बघायची होती, फोनमध्ये नाही, या खोलीत, या आरशासमोर. आणि गुंडीही हवी होती. बायकोच्या हाताची सवय असलेलं या घरात तेवढंच एक जिवंत उरलं होतं. पण म्हातारा माणूस मांजरासाठी नात सोडतो म्हटलं तर लोक तोंडात शेण घालतील, आणि बरोबरच करतील. मी मेहुण्याला कळवलं, आणतो.

दुपारच्या बसने निघालो. गुंडी झाकणाच्या टोपलीत, टोपली माझ्या मांडीवर. कंडक्टरने हात आत घालून तिला कुरवाळलं, माझा जीव खालीवर झाला, पण ती त्याचं बोट चाटत बसली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "किती गुणाची आहे!" मी म्हणालो, हो, फार. 

मेहुण्याचं गोदाम कागदाच्या रिळांचं आहे. रिळं माणसापेक्षा उंच, त्यांच्या मधून बोळ, आणि टोकाला काचेची एक खोली. तिथेच तो दिवस काढतो. बायकोपेक्षा बराच धाकटा, पण बोलताना भुवया तिच्यासारख्याच वर नेतो, त्यामुळे मी त्याच्याकडे फार वेळ बघत नाही.

"या दाजी, बसा. चहा ठेवलाय."

टोपली उघडली. गुंडी बाहेर आली, रिळं हुंगली, एका बोळात जाऊन आली, आणि माझ्या खुर्चीच्या पायाशी बसली. मी मेहुण्याला सगळं समजावलं. दूध नको, जुलाब होतात. पाणी उथळ भांड्यात. खाताना जवळ उभं राहायचं नाही. तो मान डोलवत होता.

"ताईचं मांजर आहे. मी टाकीन का त्याला?"

ताटली भरून ठेवली होती, पण नवी जागा म्हणून असेल, तिने तोंड लावलं नाही. मी वाट पाहिली. चहा संपला, दुसरा कप संपला, बोलणं तर कधीच संपलं होतं. शेवटी गुडघ्यावर हात टेकून उठलो.

"बरं, येतो मग," मी म्हणालो आणि दाराकडे वळलो.

गुंडी मला चावली.

डाव्या घोट्याला. चांगली कडकडून. मी खाली बघत राहिलो. माझीच पॅंट, मीच शिवलेली, दुमड आतून, एक दोरा बाहेर नाही. गुंडीने माझा पाय पुढच्या दोन्ही पंजांनी धरला होता, कान मागे टाकले होते आणि डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"दाजी, रक्त येतंय!" मेहुणा उठला.

"येऊ दे."

मी खुर्चीत परत बसलो. तिने पाय सोडला आणि माझ्या पावलावर अंग टाकून दिलं. मी मुद्दाम पुन्हा उठलो, दाराकडे पाऊल टाकलं. पुन्हा चावली. पुन्हा बसलो. पुन्हा सोडलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. स्ट्रेचरच्या मागचा माणूस. बहीण. वकील. दातांचा डॉक्टर. लेक, हातात पिशव्या घेऊन. आत येणाऱ्या एकालाही ती चावली नव्हती. जनावरांच्या डॉक्टरला नाही, कंडक्टरला नाही, कारण तिथून निघायचं होतं ते आम्हाला, आणि आम्ही दोघं बरोबर निघालो होतो. मी इतके दिवस त्यांच्या पॅंटकडे बघत बसलो आणि तिने सरळ त्यांच्या पाठी पाहिल्या. कुणी "येतो" म्हणो, "येते" म्हणो, तिला ते खरं वाटत नव्हतं. एकदा ऐकलं होतं ना तिने ते.

मला रडू आलं. मेहुण्यासमोर, कागदाच्या गोदामात, घोट्यातून रक्त येत असताना मी हुंदके देऊन रडलो. बायको गेली तेव्हाही इतका रडलो नव्हतो. तेव्हा लोक होते घरात, आणि मी प्रत्येकाला "बरं, या" म्हणून दारापर्यंत सोडत होतो. कुणाला थांब म्हणायची मला लाजच वाटते. मनातून म्हणाल तर मलाही निघणाऱ्याला चावावंसं वाटतं. माझे दात तेवढे माझे नाहीत.

मेहुण्याने घोटा धुऊन कापसाने बांधला आणि टोपली पुढे केली.

घरी आल्यावर आधी खुंटीवरचे पट्टे काढले. मग लेकीला फोन केला. मांजर परत आणलं म्हटल्यावर ती भडकली. तिला बोलू दिलं. दम लागून थांबली तेव्हा म्हणालो, "अगं, ती येणाऱ्याला चावत नाही. जाणाऱ्याला चावते. मला कळलं आज."

"मग आम्ही आलो तर परत जाणार कसं?"

"ती खायला लागली की मागच्या दाराने. मी इतके दिवस तेच करतोय. नातीच्या केसालाही धक्का लागणार नाही, मी जबाबदार. गुंडीला कळतही नाही, कोण कधी गेलं ते."

"आणि तुम्हाला?" लेकीने विचारलं.

मी मशीनवरचा टेप उचलला, बोटाला गुंडाळला, सोडला. गुंडी खुर्चीतून माझ्याकडे बघत होती.

"पोरीला एक फ्रॉक शिवतो," मी म्हणालो. "माप घ्यायला आण. आणि हे बघ, लहान मुलांचं अंग वाढतं असतं. दोन-तीन ट्रायल तरी लागतील."

नुकत्याच चालायला लागलेल्या पोरीच्या फ्रॉकाला ट्रायल लागत नाही. शिंप्याच्या लेकीला हे माहीत असतं. 

"तीन लागतील ना?" ती म्हणाली. "बरं. तीनदा आणते."