नकाशातला निवारा

डोंगराच्या माथ्यावर झाड नाही की आडोसा नाही. तिथे चालत येणाऱ्यांसाठी माझ्या सुतारकाकाने लाकडी निवारा बांधला. फळ्या स्वतःच्या पाठीवरून वर नेल्या. काकू म्हणायची, "घरातली खिडकी धड लागत नाही आणि हे निघाले जगाला छप्पर द्यायला." दर हिवाळ्याआधी तो शेकोटीसाठी सरपणही वर पोहोचवायचा. मग त्याच्या गुडघ्यांनी हात टेकले आणि सरपण बंद झालं.

थंडीत अडकलेल्यांनी आधी बाक जाळला. पुढच्यांनी फडताळ, मग दार, मग छप्पर. प्रत्येकाने आपल्यापुरतीच फळी काढली. बोल कोणाला लावायचा? मी मात्र सगळ्यांना लावला, मनसोक्त.

मागच्या महिन्यात एक बाई डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या दुकानात आली. तिने काकाचे हात हातात घेतले. "तुमच्यामुळे माझा मुलगा वाचला. एकच भिंत उरली होती, तीच जाळली आम्ही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकाने तिला बसायला स्टूल दिलं आणि "बरं केलंत" म्हणाला. ती गेल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला.

"नकाशात अजून आहे गं तो निवारा," तो म्हणाला.

तेव्हापासून तो दारात बसून वर जाणाऱ्या प्रत्येकाला अडवतो. मी नकाशे काढणाऱ्या कचेरीत फोन केला. "पुढच्या खेपेला बघू," म्हणाले.

आज दुपार कलल्यावर एक जोडपं आलं. अंगात पातळ जाकिटं, पाठीवर एवढीशी पिशवी.

"परत फिरा. वर काही उरलं नाही," काका म्हणाला.

मुलीने हसून फोनवरचा नकाशा त्याच्यापुढे धरला. "हे बघा आजोबा, आहे ना."

"मीच बांधला होता तो."

"हो का? मग तर बघायलाच हवा."

आणि चालू लागली दोघं. मी वळणापर्यंत धावले, घसा फोडून हाका मारल्या. त्यांना वाटलं, मी निरोप देतेय. त्यांनी हात हलवला आणि धुक्यात शिरली. बचाव पथकाला फोन लावला, तर ते म्हणाले, कोणी हरवल्याशिवाय आम्ही निघत नाही. मला रडूच फुटलं.

परत आले तर काका कोट चढवून, भिंत धरत धरत रस्त्यावर आला होता. मी त्याला घट्ट धरलं.

"काका, खाली बस. तुला पायरीसुद्धा चढवत नाही."

"सोड," तो म्हणाला. "त्यांना वर मीच बोलावलंय."