अख्तरबीची मुळी

नौशीनला वाटलं होतं, मुळी जिंकणार. म्हसवडची अख्तरखाला, तिच्या आईची बहीण, फिट येणाऱ्यांना सहाणेवर जी मुळी उगाळून देते, तिचाच अर्क तिनं सांगलीच्या कॉलेजात तपासायला घेतला होता.

उंदरांच्या एका गटाला अर्क पाजला, दुसऱ्याला नुसतं पाणी, तिसऱ्याला दवाखान्यातलं फिटचं औषध. अर्कवाले फिरत्या दांड्यावरून पिकल्या बोरासारखे टपाटप पडले, कोपऱ्यात पेंगले. नौशीन खूश; मुळी डोक्यावर काम करत होती. मग सगळ्यांना फिट आणणारं इंजेक्शन दिलं. अर्कवालेही पाणीवाल्यांसारखेच तडफडले. औषधवाले तेवढे तगले. तिनं तीनदा केलं, तीनदा तेच.

मुळी झोपवते. फिट थांबवत नाही.

विश्वजित सरांनी कागद चाळले. "शांत करायचा गुण दिसला, एवढंच लिही. फिटचं पान काढ. घरच्या माणसाचं नाक कशाला कापतीस?"

नाक! आणि आटपाडीच्या ज्ञानूची नऊ वर्षांची संयोगिता? मुळी चालू तोवर दुसरं औषध बंद, हे खालाचं पथ्य. ज्ञानूनं महिन्यापूर्वीच पोरीच्या फिटच्या गोळ्या थांबवल्या होत्या.

"पान राहणार, सर," म्हणून नौशीन उठली आणि रविवारी, मुळी द्यायच्या दिवशी, म्हसवडला थडकली.

"उंदराला काय कळतंय गं मुळीतलं?" खाला उगाळता उगाळता हसली. "सासूच्या काळापासनं देतोय आमी. कोण तक्रार घिऊन आलंय?"

"ज्यास्नी गुण आला ते आले, खाला. जे परत आलेच न्हाईत, त्यांचं काय झालं, इचारलंस कवा?"

खालाचा हात थांबला. तेवढ्यात ज्ञानू पोरीला घेऊन दारात.

"मावशी, लय गुणाची झाली बगा. दिसभर झोपतीया."

"फिट?"

"काल आल्ती. पर बारकी."

खालानं पोरीचं तोंड उघडून पाहिलं. जीभ चावलेली होती.

"मुळी संपली, ज्ञानू."

"आवं, पोतं दिसतंय की मागं!"

खाला पोत्याला पाठ लावून बसली. "पथ्य बदललंय. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं ने. गोळी चुकवलीस तर या दारात पाय ठेवू नगंस."

"व्हय, मावशी."

डॉक्टर ज्यासाठी घसा फोडून थकले होते, ते ज्ञानूनं एका दमात ऐकलं. नौशीनच्या अंगाचा तिळपापड झाला. संपली म्हणे! चुकलं म्हणायला जीभ झडत होती?

खालानं सहाण धुतली आणि भिंतीकडं तोंड करून उभी ठेवली. दारात अजून तिघं बसले होते.

"एकेकाला आत घे," ती नौशीनला म्हणाली. "आन् गोळ्या बंद केल्यात का, आदी इचार."